इंजिन मागे, कणीक पुढे

शऱ्या, परवा सुनंदावहिनींनी तुझ्या गाडीची पूजा मागच्या बाजूनं केली. मी झाकण धरून उभा होतो. हळद, कुंकू, शेवंतीचं एक फूल आणि इंजिनावर चार अक्षता. "यावेळी बरोबर जागी करते, भाऊजी," त्या म्हणाल्या. यावरून ज्याच्याशी भांडायचं तो तू पुढच्या पेटीत, कणकेच्या पिशवीशेजारी, एका चौकोनी डब्यात होतास.

तू जाऊन दोन महिने होत आले. लोकांचं तुझ्याबद्दल बोलून झालं. शोकसभेत एकानं तुला मितभाषी म्हटलं, तेव्हा शेजारी बसलेल्या तुझ्या लेकीनं, केतकीनं, मला कोपरानं ढोसलं आणि कानात विचारलं, "काका, आर वी ॲट द राइट फ्युनरल?" आम्ही दोघं रुमाल तोंडाला लावून खाली वाकलो. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं, आम्हाला हुंदका आवरेना. एक जण येऊन माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवून गेली. मग खरोखरच आवरेना, ते वेगळं.

त्या सभेत तुझ्या डॉफीनबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तुझ्या नोकरीबद्दल बोलले, कॅनडातल्या या किचनर गावच्या घराबद्दल बोलले, गणपतीच्या आराशीबद्दल बोलले. अरे, त्या फिकट निळ्या, पालथ्या वाटीसारख्या फ्रेंच गाडीला तू जितका जीव लावलास तितका आराशीला लावला असतास तर मंडळाचा गणपती टोरांटोत पहिला आला असता. म्हणून हे मी लिहितो आहे. तुझ्याविषयी खरं लिहायचं तर गाडीपासूनच सुरुवात करावी लागते, आणि गाडीची सुरुवात मागून होते.

तुमच्या मिरजेत एका डॉक्टरांकडे अशीच डॉफीन होती म्हणे. डॉक्टर यायचे, पुढचं झाकण उघडायचे आणि आतून औषधांची बॅग काढायचे. तू चड्डीचं बटण सांभाळत त्यांना विचारलंस, "इंजिन कुठं गेलं?" ते म्हणाले, "मागे आहे बाळ. ही ओढत नाही, ढकलते." ही गोष्ट तू मला इतक्या वेळा सांगितलीस की त्या डॉक्टरांचा चष्मासुद्धा मला दिसायला लागला. तुझं तत्त्वज्ञान त्यावरच उभं होतं. पुढून ओढते ती गाडी म्हणजे बैल, मागून ढकलते ती आई. मी म्हणायचो, "अन् बंद पडते ती?" तू म्हणायचास, "आईला कधी बरं नसतं का, लेका?"

ओटावाच्या पलीकडे एका फ्रेंच आजीबाईंच्या गोठ्यात तुला ही सापडली, तेव्हा ट्रेलर घेऊन तुझ्याबरोबर मीच आलो होतो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि तुझं फ्रेंच 'बोंजूर'पाशी संपत होतं. तरी तू त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारल्यास, त्यातला बराच भाग मराठीत. निघताना आजीबाईंनी गाडीच्या छपरावर हात ठेवला, डोळे पुसले आणि एक लांबलचक वाक्य म्हणाल्या. परतीच्या वाटेवर तू छातीठोकपणे सांगितलंस की त्या म्हणाल्या, "ही तुम्हाला कधी दगा देणार नाही." मी म्हणालो, त्या म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची." हा वाद किचनर येईपर्यंत चालला, आणि खरं सांगायचं तर नंतरही अधूनमधून चालूच होता.

पहिल्या पूजेचा दिवस आठवतो? दसरा होता. तुमच्याकडे गाडीची पूजा, आणि आमच्याकडे त्याच दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या कार्यक्रमाला दरवर्षी आपण दोघं माझ्या साध्या, पुढे इंजिन असलेल्या गाडीतून जायचो, कारण तिथं वेळेवर पोचायचं असायचं. त्या सकाळी मी तुला न्यायला आलो, तर ड्राइव्हवेवर वहिनी जरीची साडी आणि त्यावर विंटर जॅकेट घालून डॉफीनच्या पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढत होत्या. झाकण उघडून आत कुंकू लावायला गेल्या, तर आत स्वच्छ रिकामी पेटी.

"वहिनी, इंजिन मागे आहे," मी म्हणालो.

"तुझा पूजेवर विश्वास नाही," तू म्हणालास, "मग देव कुठं बसतो ते तू कशाला सांगायलास?"

"विश्वास नसला म्हणून काय झालं? करूनच राहिले तर नीट करा नं, बाप्पा!"

"राहू दे. देव समोरूनच बघतो."

वहिनींनी त्या रिकाम्या पेटीलाच हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला, लिंबू पुढच्या चाकाखाली गेलं आणि इंजिन मागे तसंच कोरडं राहिलं. त्या दिवसापासून गाडी बंद पडली की तिघांची तीन कारणं ठरलेली. वहिनी म्हणायच्या, पूजा चुकली. मी म्हणायचो, रेडिएटर गेला. तू म्हणायचास, कॅनडाच्या पेट्रोलला चव नाही.

कणकेची गोष्ट तर मी ऑफिसात सांगितली तेव्हा कोणाला खरीच वाटली नाही. सगळं वजन मागे, त्यामुळे जरा वारा सुटला की गाडीचं नाक हलायचं. इथले लोक विंटरमध्ये डिकीत वाळूची पोती टाकतात, हे मी तुला सांगितलं. तू म्हणालास, वाळू कशाला, खायची वस्तू ठेवू. इंडियन स्टोअरमधून आणलेली वीस किलो आट्याची बॅग तू पुढच्या पेटीत ठेवलीस आणि ती तिथंच राहिली. वहिनी पोळ्यांसाठी कणीक मागायच्या आणि तू म्हणायचास, "थोडीच काढ, तोल जातो." पाहुणे आले की तुमच्याकडे भात व्हायचा. गाडीची तब्येत नाजूक असली की पुलाव. केतकी मैत्रिणींना सांगायची, "वुई कान्ट हॅव रोटीज, इट्स विंडी."

पण आपला खरा वाद होता लेक ह्युरॉनचा. तुझं म्हणणं, ही गाडी एक दिवस स्वतःच्या चाकांनी त्या तळ्याच्या काठाला जाणार. माझं म्हणणं, जाणार, पण ट्रकवर. दर उन्हाळ्यात एक रविवार यासाठी राखलेला. तू गाडी चालवायचास आणि मी शेजारी बसून तापमानाच्या काट्याकडे बघायचो. काटा चढला की तू हीटर पूर्ण सोडायचास, म्हणजे इंजिनाची गरमी आत येते आणि इंजिन थंड होतं. हे शास्त्र बरोबर आहे, मी तपासलं होतं. पण भर जुलैत, खिडक्या उघड्या टाकून, हीटर लावून, घामानं निथळत दोन म्हातारे चाललेत, हे दृश्य शास्त्रात बसत नव्हतं. हायवेचं धाडस नको म्हणून आपण शेतांमधल्या रस्त्यांनी जायचो. एकदा गाडी कडेला वाफा सोडत उभी होती आणि मागून मोटारी न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या लोकांची घोडागाडी आली. काळ्या टोपीतल्या त्या गृहस्थांनी आपल्याकडे बघून मान लववली आणि टकटक करत पुढे निघून गेले. तू गंभीरपणे म्हणालास, "त्यांचंही इंजिन पुढेच आहे." मी त्या बांधावर बसून पोट धरून हसलो होतो. नागपूर सोडल्यावर मी असा कोणाबरोबर हसलो असेन, तर तुझ्याबरोबरच.

मग जस्सीला फोन. स्ट्रॅटफर्डजवळचा तो टो-ट्रकवाला सरदारजी पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं सरळ पुढचं झाकण उघडलं. आत आट्याची बॅग आणि त्यावर बटाटेवड्यांचा डबा. त्यानं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा आपल्याकडे. "अंकल जी," तो हळूच म्हणाला, "इंजन किसने निकाला?" त्या दिवशी त्यानं चार वडे खाल्ले आणि पुढे दरवर्षी आल्या आल्या आधी तेच झाकण उघडायचा. फोनवर माझा नुसता आवाज ऐकला तरी म्हणायचा, "फिर से?" तुझा त्याच्यावर एवढा जीव जडला की मला शंका यायची, एखाद्या वर्षी तू मुद्दामच गाडी बंद पाडतोस की काय.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं नीट बोललो तेसुद्धा याच विषयावर. तुझ्या नाकात नळी होती आणि बाहेर रस्त्यावरचा बर्फ वितळत होता. तू म्हणालास, "मिल्या, या वर्षी पोचते बघ." मी म्हणालो, "ट्रकवर." तू इतका हसलास की मशीन ओरडायला लागलं आणि नर्स धावत आली. तिनं मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून मी बघितलं, तर तू हसतच होतास आणि मला मूठ दाखवत होतास. त्यानंतर तू कोणाशीच फार बोलला नाहीस. शेवटचा शब्द माझा राहिला, शऱ्या, आणि तो 'ट्रकवर' हा होता. तुला मी बरंच काही सांगू शकलो असतो. इथं आलो तेव्हा माझं आडनाव ऐकून ज्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही आणि सरळ पान वाढलं, त्यात तू पहिला होतास. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "प्रश्न काय विचारायचा? तू वडे खायलास की नाही तेवढंच बघायचं होतं."

तर परवाचं सांगतो. रक्षेचा थोडा भाग वहिनींनी कृष्णेसाठी वेगळा ठेवलाय, तुझ्या भावानं मिरजेहून फोन करून तसं सांगितलं. बाकीची लेक ह्युरॉनमध्ये सोडायची आणि डॉफीनमधूनच न्यायची, हे वहिनींचं ठरलं होतं. केतकीनं विचारलं, "काका, इज धिस इव्हन लीगल?" मी म्हणालो, "रक्षा चालते, मी चौकशी केली आहे. गाडीचं सांगता येत नाही."

चालवायची मी. इतक्या वर्षांत तू मला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हतास, त्यासाठी तुला जावं लागलं. वहिनी शेजारच्या सीटवर, म्हणजे माझ्या जागेवर, आणि केतकी तिच्या एसयूव्हीतून मागे, दिवे लुकलुकवत. निघण्याआधी मी पाणी बघितलं, ऑइल बघितलं, बेल्ट बघितला, परत पाणी बघितलं. वहिनींनी पूजा केली ती तेव्हाच. नव्या आट्याची सीलबंद बॅग त्यांनी स्वतः पुढच्या पेटीत आधीच ठेवली होती. "आज पोळ्या नकोत कोणाला," म्हणाल्या.

आणि मला हरायचं होतं. ऐक, हे नीट ऐक. सगळं आयुष्य मी ग्वेल्फच्या लॅबमध्ये दूध तपासण्यात घालवलं. आकडा येईल तो मान्य करायचा, आपल्याला हवा तो मागायचा नाही, ही माझी सवय. पण परवा त्या काट्याकडे बघत मी मनातल्या मनात चक्क विनवण्या करत होतो. कोणाला ते मला विचारू नकोस. बहुतेक रेडिएटरला.

निम्म्या रस्त्यापर्यंत काटा शहाण्यासारखा राहिला. मग चढायला लागला. मी हीटर सोडला. वहिनींनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं दरवर्षी असे जायचात?" मी हो म्हणालो. "आणि मला म्हणायचा, तिकडे गार वारा असतो, मजा येते." त्या हसायला लागल्या, मग रडल्या, मग पदर तसाच तोंडावर धरून परत हसल्या. मी रस्त्याकडे बघत राहिलो, कारण वारा सुटला होता आणि नाक हलत होतं. कणीक असूनसुद्धा हलत होतं. एवढं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, वीस किलो पुरणार नाही.

आपण ज्या वळणावर दरवर्षी मान टाकायचो ते वळण गेलं. ती घोडागाडीची जागाही गेली. पवनचक्क्या दिसायला लागल्या, त्या मी या गाडीतून कधी पाहिल्या नव्हत्या. मागून केतकी हॉर्न देत होती, ती घाबरून देतेय की आनंदानं ते कळेना. गाव आलं. चौक आला. आणि जिथून रस्ता खाली काठाकडे उतरतो, तिथं अगदी माथ्यावर इंजिनानं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

समोर खाली तळं होतं, निळंशार, पलीकडचा काठ न दिसणारं. मी किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. मागे पाण्याची फुर्रफुर्र आणि वाफ. मी खिशातून फोन काढला आणि जस्सीचा नंबर शोधायला लागलो.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ब्रेक सोडा."

"वहिनी, इंजिन बंद आहे."

"उतार आहे ना? सोडा ब्रेक."

मी सोडला. आणि शऱ्या, ती निघाली. आवाज नाही, धक्का नाही, नुसती चाकं. तुझ्या गाडीला दोन हॉर्न आहेत, गावातला हळू आणि हायवेवरचा मोठा. मिरजेचा आणि नागपूरचा, असं तू म्हणायचास. वळणावर पोरं आइस्क्रीम खात रस्त्यात उभी होती, त्यांच्यासाठी मी तुझा, मिरजेचा, वाजवला. पोरं बाजूला झाली आणि टाळ्या वाजवायला लागली. पार्किंगमध्ये शिरून, वाळूपासून चार पावलांवर, गाडी आपली आपण थांबली. ब्रेक लावायचीसुद्धा वेळ आली नाही.

केतकीनं जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आईचा हात धरून पाण्यात शिरली. तुला जन्मभर इंग्रजीत उत्तरं देणारी ती पोर पाण्याकडे बघून म्हणाली, "बाबा, सावकाश जा हं." मी काठावर माझ्या पद्धतीनं हात जोडले. पाणी इतकं गार होतं की वहिनी ओरडल्या. हे तुला नक्की आवडलं असतं.

मग वाळूवर बसून वडे खाल्ले. केतकीनं विचारलं, "सो, डिड शी मेक इट ऑर नॉट?"

"पोचली," वहिनी म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "इंजिन बंद होतं, वहिनी. उतारावरून दगडही पोचतो."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी मला आणखी एक वडा दिला. वाद संपला. एवढ्यात! तू असतास तर मला चाकाची व्याख्या विचारली असतीस, मागून ढकलणाऱ्या आईचं काढलं असतंस, त्या फ्रेंच आजीबाईंना मध्ये आणलं असतंस, वाळूत बोटानं आकृती काढली असतीस. मी वडा हातात धरून वाट बघत बसलो. कोणी काही बोलेना. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तू नाहीस.

जस्सी आला. ट्रकमधून उडी मारून, "फिर से, अंकल जी?" म्हणत तो नेहमीसारखा पुढे गेला आणि झाकण उघडलं. वड्यांचा डबा वाळूवर आमच्याजवळ होता, आत नुसती कणीक. त्यानं इकडेतिकडे बघितलं.

"दूसरे वाले अंकल नहीं आए?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी उठलो, पॅन्टची वाळू झटकली.

"आए थे," मी म्हणालो. "गाड़ी ने पहुँचाया उनको. यहाँ तक, अपने पहियों पे."

जस्सीला कळायला वेळ लागला. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, वहिनींपुढे वाकला आणि तळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. वहिनींनी त्याला वडे दिले. गाडी ट्रकवर चढवताना त्यानं तिला इतकं जपून बांधलं की मला बघवेना.

म्हणजे हरलो मी, शऱ्या. चार माणसांसमोर, मोठ्यानं, हिंदीत. आणि ते ऐकायला नेमका तू नव्हतास.